सूनबाई टॅप करते

५ जानेवारी

कार्यकारिणीची बैठक झाली. नदीपलीकडच्या गावातली शाळा त्यांचा व्यायामाचा हॉल आपल्याला आठवड्यातून तीन संध्याकाळी फुकट वापरू द्यायला तयार आहे. म्हणजे संस्थेची दुसरी शाखा! मी आनंदाने टेबलावर हात मारला तर कपबशा उडाल्या आणि मास्तरांच्या पँटवर चहा सांडला. ते बिचारे काही बोलले नाहीत. ते कधीच फारसं बोलत नाहीत. दिवसभर लिफ्टच्या दुरुस्त्या करायच्या आणि संध्याकाळी एक पैसा न घेता आम्हाला जिउ-जित्सू शिकवायचं, असा माणूस बोलणार तरी कधी?

निवृत्त झाल्यापासून रोजनिशी लिहायची म्हणत होते. मुहूर्त आज लागला. शाखा उभी राहीपर्यंत तरी नेमाने लिहायचं ठरवलं आहे.

खरं तर मी या खेळात पडले ती अपघातानेच. सूनबाई एका स्पर्धेत खेळणार होती आणि तिथे प्रथमोपचाराला कुणी नव्हतं. जन्मभर इस्पितळात मेट्रन होते, त्यामुळे पेटी घेऊन गेले. संध्याकाळपर्यंत पेटी बाजूला राहिली आणि मी मास्तरांना विचारत होते की अठ्ठावन्न वर्षांच्या बाईला शिकवाल का. या खेळात कुणी कुणाला ठोसे मारत नाही. धरायचं, पाडायचं, दाबून ठेवायचं आणि समोरच्याची अशी पंचाईत करायची की त्याने स्वतःच हाताने दोनदा टपटप करून 'बास' म्हणावं. याला म्हणतात टॅप. टॅप झाला की त्याच क्षणी सोडायचं. इतका सभ्य खेळ मी दुसरा पाहिलेला नाही.

तेव्हा तिथे मास्तर, सूनबाई आणि सात-आठ टाळकी होती. मी संस्था रीतसर नोंदवली, नगरपालिकेच्या मागे लागून हॉल मिळवला, मुलांचा वर्ग सुरू केला, बायकांचा सुरू केला. आज आमच्याकडे पोस्टमन आहे, दोन शिक्षिका आहेत, अग्निशमन दलातला एक दांडगा गडी आहे. कुणाला पदक नको, पैसा नको. हौस म्हणून खेळायचं, घरी जाऊन गाढ झोपायचं.

प्रश्न एकच उरला आहे. ते गाव रोज ये-जा करण्याइतकं जवळ नाही, मग पलीकडची शाखा सांभाळायला तिथे जाऊन राहणार कोण? मास्तर पटकन म्हणाले, "तुमच्या सूनबाई." मी म्हटलं, विचार करू.

८ जानेवारी

आज सूनबाईशी सरावाची लढत होती. मी तिची कॉलर धरून खाली खेचलं, वर बसले, जरा जोर लावला आणि तिने टॅप केला. दुसऱ्यांदाही तेच. पोरगी गुणी आहे, पण तिच्यात दम नाही. पट्टा जांभळा आहे तिचा, म्हणजे आमच्यात मास्तरांच्या खालोखाल. पण पट्टे मास्तर देतात आणि मास्तरांचं मन मोठं आहे. माझा अजून नवशिक्यांचा पांढराच ठेवलाय त्यांनी. अध्यक्षबाईंना लवकर बढती दिली तर चार लोक बोलतील, म्हणून असणार.

माझ्या पकडीचं म्हणाल तर ती काही मॅटवर आलेली नाही. शंभर किलोच्या रोग्याला कुशीवर वळवायचं म्हणजे काय असतं ते ज्याने केलंय त्यालाच माहीत. पोस्टमनसुद्धा माझ्यापुढे टॅप करतो.

माझ्यानंतर सूनबाईची त्या अग्निशमनवाल्याशी लढत लागली. त्याने लगेच टॅप केला. रात्रपाळी करून आला होता म्हणे, दमला असेल.

१५ जानेवारी

चिरंजीव आज भांडी पुसता पुसता म्हणाले, "आई, शाखेचं तू तिला एकदा नीट विचार ना."

"विचारलं की. ती म्हणाली, तुम्ही म्हणाल तसं."

"ती तेच म्हणणार."

"मग झालं तर."

त्याने फडका खांद्यावर टाकला आणि माझ्याकडे बघत उभा राहिला. लहानपणी गणित अडलं की असाच बघायचा. मी म्हटलं, काही म्हणायचं असेल तर म्हण. तर म्हणाला, काही नाही. त्याचं काम घरूनच चालतं, संगणक कुठेही उघडता येतो, आणि सूनबाई चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते, तशी दुकानं पलीकडेही आहेत, असं काहीबाही सांगून गेला. मी काही ते विचारलं नव्हतं.

शाखा चालवायची म्हणजे तोंड लागतं, हिसका लागतो. मला काडीचं नाव जास्त पसंत आहे. काडी म्हणजे आमचा बँकेतला मुलगा. अंगाने काडी आहे, पण आवाज असा की शेवटच्या रांगेतलं पोरही दचकतं. मी काही सांगितलं की "हो मॅडम, झालंच समजा" म्हणतो.

१९ जानेवारी

यांनी शब्दकोड्यातून डोकं वर काढून एकदम विचारलं, "काय गं, तुला तिथे कुणी हरवलंय का कधी?"

"नाही बाई."

"एकदाही नाही?"

"सांगितलं ना, नाही."

"म्हणजे तू फारच भारी आहेस," हे म्हणाले आणि परत आडवे-उभे शब्द शोधायला लागले. लग्नाला इतकी वर्षं झाली, कौतुक करायला आत्ता सवड झाली.

२ फेब्रुवारी

शहराच्या दुसऱ्या टोकाला जो क्लब आहे त्यांनी मैत्रीपूर्ण सामने ठेवलेत. त्यात पन्नाशीपुढच्या बायकांचा गट आहे. मी नाव दिलं. अध्यक्षच उतरली तर नव्या बायकांना धीर येईल, आणि शाखेच्या आधी संस्थेचं नाव होईल.

मला वाटलं होतं सगळे टाळ्या वाजवतील. पण सगळ्यांच्या चेहऱ्यावर असा भाव की मी कुणाचा तरी मृत्यूचा दाखला वाचून दाखवलाय. पोस्टमन म्हणाला, तिकडचं मॅट घसरतं म्हणतात. एक शिक्षिका म्हणाली, त्या दिवशी ऊन फार असेल. हॉलमध्ये कसलं आलंय ऊन? आणि सूनबाई, जी कधी तोंड वर करून बोलत नाही, ती घरी येताना रस्त्यात थांबली आणि म्हणाली, "आई, नका ना उतरू."

"का गं?"

"तिथले लोक अनोळखी आहेत."

"म्हणून तर उतरायचं."

मला राग आला, खोटं कशाला लिहू. आपल्या माणसाला आपलं नाव झालेलं बघवत नाही की काय, असंही मनात आलं. मग वाटलं, काळजी असेल. पण काळजी वाटायला मी काय काचेची आहे?

१० फेब्रुवारी

वर्ग संपल्यावर मास्तर थांबले. म्हणाले, आज आपण फक्त टॅप कधी करायचा ते करू. हात सरळ झाला, कोपराला ताण आला की लगेच, दुखायची वाट बघायची नाही.

मी म्हटलं, "मास्तर, कोपरात काय काय असतं ते मी तुम्हाला चित्र काढून दाखवते. आपण जिंकायचं काहीतरी शिकवा."

ते मान खाली घालून मॅटची शिवण बोटाने चाचपत राहिले. मग म्हणाले, "बरं. पण रेफरीला 'टॅप' असं तोंडाने म्हटलं तरी चालतं, एवढं लक्षात ठेवा." शिकवणाऱ्यालाच विद्यार्थ्यावर विश्वास नसेल तर खेळ वाढणार कसा?

१६ फेब्रुवारी

आज सकाळी सूनबाईला सांगून टाकलं की पुढच्या बैठकीत मी शाखेसाठी काडीचं नाव सुचवणार आहे. कारणही सांगितलं. आडपडदा ठेवायचा माझा स्वभाव नाही. म्हटलं, "हे बघ, वाईट वाटून घेऊ नकोस. पण तू माझ्यासारख्या म्हातारीपुढे दोन मिनिटं टिकत नाहीस. उद्या तिकडे कुणी आडदांड आला तर त्याला काय शिकवणार?"

ती कढई घासत होती. म्हणाली, "तुम्ही म्हणाल तसं, आई."

बघा, किती समजूतदार. दुसरी असती तर आदळआपट केली असती. मी आंघोळ करून आले तरी ती तीच कढई घासत होती. ती केव्हाच स्वच्छ झाली होती.

संध्याकाळी ती मुलांचा वर्ग घेत होती. पहिला महिना ती मुलांना दुसरं काही शिकवत नाही, फक्त पडायला शिकवते. हनुवटी छातीला, पाठ गोल, हात बाजूला. एक नवीन मुलगी रडत होती, मला नाही पडायचं म्हणून. सूनबाई तिच्यासमोर स्वतः धपाधप पडत राहिली, चेहरा असा वेडावाकडा करत, की शेवटी ती मुलगी हसून हसून आपोआप आडवी झाली. मी दारातून बघत होते. हे तिला छान जमतं. पण पडायला शिकवणं वेगळं आणि शाखा चालवणं वेगळं.

२३ फेब्रुवारी

डाव्या हाताने लिहिते आहे. उजवा गळ्यात. बाकी उद्या.

२५ फेब्रुवारी

अक्षर कोंबडीचे पाय आहेत, पण लिहून काढल्याशिवाय चैन पडणार नाही.

माझ्यासमोर आली ती एक दातांची डॉक्टर. चष्मा काढून ठेवून आलेली, माझ्याच वयाची, शिकायला लागून काही महिनेच झालेले. वाकून नमस्कार झाला, सुरू झालं. मी नेहमीसारखी तिची कॉलर धरली, खेचलं आणि थांबले.

मी थांबले. आज दोन दिवस मी या थांबण्याचाच विचार करते आहे. मी कशाची वाट बघत होते? ती टॅप करेल याची. तिने केला नाही. तिने जराशा नवलाने माझ्याकडे पाहिलं, बहुधा मी काही डाव टाकते आहे असं तिला वाटलं असावं. मग ती वळली, मी खाली, तिचा पाय माझ्या छातीवरून आडवा आणि माझा उजवा हात तिच्या दोन्ही हातांत सरळ. जे मास्तर शिकवत होते आणि मी शिकून घेतलं नाही, ते हेच.

कोपराला ताण आला. कुठली शीर, कुठला अस्थिबंध, सगळं नावानिशी आठवलं. टॅप करायचं मात्र आठवलं नाही. कडेवरून सूनबाई ओरडत होती, "आई, टॅप करा! टॅप करा!" इतका मोठा तिचा आवाज मी आमच्या घरात कधी ऐकला नाही. आणि माझ्या डोक्यात काय आलं, तर ही भलतीकडेच ओरडते आहे, टॅप तर समोरचीने करायचा असतो.

रेफरीने थांबवलं. कोपर सुजलं, पण मोडलं नाही. ती डॉक्टरीणबाई रडकुंडीला आली. स्वतः बर्फ धरून बसली आणि सारखी म्हणत होती, "अहो, तुम्ही सांगितलं का नाही?"

यांनी काल माझी वेणी घातली. वाकडी घातली, पण घातली. मी विचारलं, "तुम्हाला ठाऊक होतं?"

"मला काय ठाऊक असणार? मी आपला घरात बसणारा. पण मी विचारलं होतं तुला."

"नीट विचारायला काय झालं होतं?"

हे कंगव्यातले केस काढत म्हणाले, "तुला नीट विचारायची हिंमत या घरात कुणात आहे?" हसतच म्हणाले. मला हसू आलं नाही.

३ मार्च

हॉलवर गेले. वर्ग सुरू व्हायला वेळ होता, मास्तर एकटे मॅट पुसत होते. मी खुर्ची ओढून समोर बसले आणि म्हटलं, खरं सांगा.

ते फरशी पुसायच्या काठीवर हनुवटी टेकून उभे राहिले. मग बोलले, आणि गेल्या दोन वर्षांत बोलले नसतील एवढं बोलले.

"नवीन माणसाला सगळेच थोडं सोडतात, मॅडम. रोजच हरला तर महिन्याभरात पळून जातो. म्हणून जुने लोक सुरुवातीला लवकर टॅप करतात. त्याला धीर आला की सोडणं हळूहळू बंद करायचं. ही आपली पद्धतच आहे. तुमच्या बाबतीत बंद कुणी करायचं, तेवढं ठरलं नाही."

"का ठरलं नाही?"

"हॉल तुमच्यामुळे. मॅट तुमच्यामुळे. तुम्ही नसता तर आम्ही अजून कुणाच्या तरी गच्चीवर असतो. आणि..." ते अडखळले.

"बोला, बोला."

"तुम्ही जिंकलात की त्या दिवशी सगळ्यांशी गोड बोलायचात."

मी विचारलं, "माझ्या सुनेला टॅप करायला तुम्ही सांगितलंत?"

"छे! तिला तर मी उलट सांगत होतो, आता सोडू नकोस, बास झालं. ती म्हणाली, मास्तर, इथून मला त्यांच्याच घरी जायचं असतं."

मास्तर पुन्हा मॅट पुसायला लागले. माझ्या पायाखालची जागा त्यांनी तशीच ठेवली.

६ मार्च

सगळ्यांचा राग आला आहे. पोस्टमनचा, शिक्षिकांचा, मास्तरांचा. मी काय लहान मूल आहे, मला खेळवायला? सर्वांत जास्त सूनबाईचा. दया दाखवली माझ्यावर! तीन दिवस तिच्याशी कामापुरतंच बोलले. ती गरम पाण्याची पिशवी आणून ठेवते, मी बघत नाही. ती गेली की घेते.

९ मार्च

राग ओसरल्यावर खाली जे उरलं ते जास्त वाईट आहे.

मी तिला म्हटलं, तू माझ्यापुढे टिकत नाहीस, म्हणून शाखा नाही. म्हणजे तिने माझा मान राखला आणि मी तोच तिच्याविरुद्ध वापरला. आता तिने करायचं तरी काय होतं? मला पाडलं असतं तर उद्धट सून, आणि न पाडलं तर कमकुवत सून. इकडे आड तिकडे विहीर, आणि दोन्ही मीच खणलेल्या.

संस्थेचंही तेच. बैठकीत मी काही मांडलं की ठराव एकमताने मंजूर व्हायचे. मला केवढा अभिमान होता त्या 'एकमताने' शब्दाचा. लोक मला 'नाही' म्हणत नव्हते, आणि मी समजत होते की लोक माझ्याबरोबर आहेत. इस्पितळातही असंच होतं का? असेल. आता कुणाला विचारणार?

आणखी एक आहे, तेही लिहून टाकते. समजा मला आधीच कळलं असतं की ती उत्तम खेळते, तर मी तिला शाखा दिली असती का? नसती दिली. दुसरं कारण शोधलं असतं. ती गेली की मुलगा जाणार, घरात आम्ही दोघं आणि शब्दकोडं. मला ती जायला नको आहे. दम नाही, तोंड नाही, हिसका नाही, हे सगळं मागाहून जुळवलेलं.

३० मार्च

डॉक्टरांनी हात मोकळा केला. दुपारी मी सूनबाईला म्हटलं, हॉलवर चल, माझ्याशी खरं खेळ. तिने कोपराचं कारण काढलं. मी म्हटलं, कोपर सोडून बाकी पुष्कळ आहे माझ्यात.

हॉलमध्ये मास्तरांशिवाय कुणी नव्हतं. दोघी गणवेश घालून समोरासमोर बसलो. सुरू झालं आणि तिने पुन्हा तेच केलं. अंग सैल सोडलं, मला वर येऊ दिलं. आता मला ते कळत होतं. इतकं उघड होतं ते, मला आधी कसं कळलं नाही?

मी उठून मागे सरले. "हे नाही. परत."

दुसऱ्यांदाही तेच. मी म्हटलं, "अगं, मला या वयात काही शिकू देणार आहेस की नाही?"

तिने मास्तरांकडे पाहिलं. ते खिडकीबाहेर बघत होते. मग तिने केस पुन्हा घट्ट बांधले, पट्टा आवळला आणि माझ्यासमोर आली.

पुढचं मला सलग सांगता येणार नाही, कारण मला ते सलग दिसलंच नाही. मी कॉलर धरायला हात पुढे केला आणि हात पोचण्याआधी मीच खाली होते. तिचं वजन माझ्यापेक्षा कमी आहे, पण ते सगळं बरोबर जिथे नको तिथे येत होतं. मी उजवीकडे वळले की ती तिथे, डावीकडे वळले की तिथेही. घाई नाही, धसमुसळेपणा नाही. माझी मान तिच्या कोपरात आली, तिने जरासं आवळलं. मी टॅप केला.

माझा हात दुसऱ्यांदा तिच्या पाठीवर पडेपर्यंत तिने सोडलंसुद्धा होतं. "लागलं का?"

"नाही. परत."

असं किती वेळा झालं ते मोजलं नाही. प्रत्येक वेळी वेगळ्याच वाटेने. मला धाप लागली होती, घाम डोळ्यांत जात होता, आणि सांगायला हरकत नाही, मला रडू येत होतं. हरल्याचं नव्हे. ही मुलगी इतकी सुंदर खेळते आणि माझ्या शेजारच्या खोलीत राहून मी हे कधी पाहिलं नाही, याचं.

शेवटी ती माझ्या छातीवर बसून होती, माझे दोन्ही हात तिच्या गुडघ्यांखाली. मी सुटायची धडपड थांबवली तरी ती उठली नाही. तीही धापा टाकत होती. आणि तशीच वरून म्हणाली, "आई, मला ती शाखा हवी आहे."

मी खालून म्हटलं, "हे आपल्याला घरी खुर्चीवर बसून बोलता आलं नसतं का गं?"

"नाही," ती म्हणाली.

इतकी वर्षं ती आमच्या घरात आहे. तिच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला.

६ एप्रिल

बैठकीत मी सांगितलं की काडीचं नाव मी मागे घेते आणि सूनबाईचं सुचवते. मुलाची बायको म्हणून नव्हे, हेही सांगितलं, आणि माझं मत मोजू नका, हात वर न करता चिठ्ठ्या टाका, असंही. काडी इतक्या जोरात "हुश्श" म्हणाला की सगळे त्याच्याकडे बघायला लागले.

"तुला जायचं नव्हतं?"

"मॅडम, माझी आई आजारी असते. मी कसा जाणार पलीकडे?"

"मग तोंड शिवलं होतं का तुझं?"

"तुम्हाला नाही कसं म्हणायचं?" तो म्हणाला. त्याचा तो मोठा आवाज कुठे गेला होता कोण जाणे.

एक चिठ्ठी विरोधात निघाली. कुणाची ते मी शोधणार नाही. ती चिठ्ठी बघून मला बरं वाटलं.

२० एप्रिल

सामान बांधणं चालू आहे. मी उद्घाटनाची आखणी सांगत होते. किती वाजता निघायचं, मी दहा मिनिटं बोलेन, मग मास्तर. सूनबाईने वर्तमानपत्रात गुंडाळलेला पेला खोक्यात ठेवला आणि म्हणाली, "आई, उद्घाटनाला तुम्ही येऊ नका."

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली.

"पहिले दोन महिने नका येऊ. तुम्ही आलात की सगळे तुमच्याकडे बघतील. मीसुद्धा तुमच्याकडेच बघेन." तिने दुसरा पेला हातात घट्ट धरला होता, पण वाक्य पुरं केलं.

मी उठून अंगणात गेले. हो, फार लागलं मला. संस्था मी उभी केली, रोपटं मी लावलं, आणि मलाच येऊ नको म्हणते! बरोबर उत्तरं तोंडाशी आली, एकाहून एक धारदार. मेट्रनला शब्द शोधावे लागत नाहीत. तेवढ्यात हे आले आणि शेजारी उभे राहिले. म्हणाले, "काय म्हणाली?"

मी सांगितलं.

"मग? हीच तू मागितली होतीस ना? खरं खेळणारी?"

मी आत गेले. ती खोक्यापाशी तशीच बसून होती, पेला हातात. मी म्हटलं, "बरं. नाही येत." एवढे तीनच शब्द, पण कोपराचं दुखणं यापुढे काहीच नव्हतं. मग आम्ही दोघी मिळून उरलेले पेले बांधले.

४ मे

आज तिकडे उद्घाटन. सकाळपासून मी घरातली दोन कपाटं आवरली. तिसऱ्याची किल्ली यांनी लपवली, कारण त्यात त्यांचे जुने नकाशे आहेत. दुपारी हॉलवर मुलांचा वर्ग मी घेतला. सूनबाईसारखं पडून दाखवायला गेले तर मुलं हसायच्या ऐवजी घाबरली आणि एकाने पळत जाऊन पाणी आणलं. सवय होईल त्यांना. मलाही.

उजेड होता तोवर फोन आला नाही. हे म्हणाले, तू कर. मी म्हटलं, करणार नाही. मग वाजला.

"आई."

"बोल गं."

"तिघंच आले." मग म्हणाली, "त्यातला एक अर्ध्यातून गेला. म्हणाला, यात मारामारी नाही का."

माझ्याकडे सूचना तयार होत्या. शाळेच्या दारावर फलक लाव, पालकसभेत जाऊन बोल, दवाखान्यात परिचारिकांना भेट, त्यांची नावं मी देते. सगळ्या रांगेत उभ्या. मी ओठ मिटून धरले. हे माझ्याकडे बघत होते, पेन्सिल कोड्यावर तशीच.

"आई, आहात ना?"

"आहे. ऐकते आहे."

"बाकीच्या दोघी बायका आहेत. एकीला वाकून बूट काढता येत नाहीत, गुडघा धरतो. दुसरी तिच्या सोबतीला आली होती, ती चांगली पडली." मग तिचा आवाज लहान झाला. "आई, तुम्ही इथे बायकांचा वर्ग सुरू केलात, तेव्हा पहिल्या दिवशी किती आल्या होत्या?"

मला तो दिवस चांगला आठवत होता. मांडून ठेवलेल्या रिकाम्या खुर्च्या, आणि हातात शिट्टी घेऊन दाराकडे बघत उभी असलेली मी. ती त्या वेळी माहेरी गेली होती.

"एकही नाही," मी म्हटलं. "शेवटी यांना मॅटवर बसवलं आणि तासभर यांनाच शिकवलं."

"बाबांना?" ती हसायला लागली. मागून चिरंजीवांचाही आवाज आला. हसू आवरल्यावर ती म्हणाली, "म्हणजे मी तुमच्यापुढे आहे."

"आहेस," मी म्हटलं.